ज्येष्ठमध, रक्तदाब आणि किडनीतला राखणदार

मा. संपादक महोदय,
स. न. वि. वि.

आपल्या गेल्या रविवारच्या आरोग्य पुरवणीत घसा बसण्यावरच्या घरगुती उपायांचा लेख आला आहे. ज्येष्ठमधाची कांडी दिवसभर तोंडात धरावी, शिवाय सकाळ-संध्याकाळ चमचाभर चूर्ण दुधातून घ्यावं, असं त्यात सांगितलं आहे. आणि शेवटी लिहिलं आहे की हे नैसर्गिक असल्यामुळे कितीही दिवस घेतलं तरी अपाय नाही. या शेवटच्या वाक्यासाठी मी हे पत्र लिहिते आहे. पत्र लांबलं आहे, याची मला कल्पना आहे. जागेअभावी कापावंच लागलं तर माझ्या घरची हकिकत कापा, पण रसायनशास्त्राचा भाग ठेवा, एवढी विनंती.

मी वेंगुर्ले तालुक्यातली. एकोणतीस वर्षं कनिष्ठ महाविद्यालयात अकरावी-बारावीला रसायनशास्त्र शिकवलं, आता निवृत्त आहे. माझे यजमान दशावतारी. विसाव्या वर्षी तोंडाला रंग लावला तो आजतागायत. राजाची कामं करतात. दशावतारात लिहिलेली संहिता नसते. संध्याकाळी आख्यान ठरतं, मग उजाडेपर्यंत संवाद, पदं, युद्ध, विलाप, सगळं नटाच्या जिभेवर. कार्तिकात जत्रा सुरू झाल्या की वैशाखापर्यंत आज या गावात तर उद्या त्या, अंगणातल्या दवात उभं राहून रात्रभर बोलायचं. घसा गेला तर सगळंच गेलं. म्हणून दशावताऱ्यांच्या, भजनी बुवांच्या, कीर्तनकारांच्या खिशात ज्येष्ठमध असतोच. यांच्याही खिशात बोटभर कांडी कायम असायची, आणि इतकी वर्षं त्याने काही झालं नव्हतं हेही मला प्रामाणिकपणे सांगितलं पाहिजे.

कोरोनाच्या साथीत नाटकं बंद पडली आणि घरोघरी काढे सुरू झाले. आमच्याकडेही. नंतर जत्रा पुन्हा सुरू झाल्या तेव्हा यांचा आवाज लागेना, म्हणून यांनी ज्येष्ठमध वाढवला. अर्धा किलो चुर्णाचा डबा आणला. सकाळी एक चमचा दुधातून, रात्री एक चमचा दुधातून, दुपारी काढ्यात वेगळा, आणि नाटक असेल त्या रात्री कांडी तोंडात. चघळून चघळून कांडीच्या टोकाला पिवळा पिसारा फुटायचा. कपडे धुताना खिशातून असे दोन-तीन पिसारे निघायचे. दूध गरम करून मीच देत होते. चूर्ण जास्त पडलं तर बरंच, असं मला वाटायचं.

तीन-चार महिन्यांत सकाळी चेहरा सुजलेला दिसू लागला. बोटातली अंगठी निघेना. डोकं दुखायचं, तहान लागायची, रात्री चार-चार वेळा उठायला लागायचं. एका तपासणी शिबिरात रक्तदाब १७०/१०० निघाला. डॉक्टरांनी गोळी दिली. महिन्याने मोजला तर १८० च्या वर. मग दुसरी गोळी जोडली, तिच्यात लघवीचं औषध होतं. ही लघवीची औषधं अंगातलं पोटॅशियम बाहेर काढतात. पुढे जे झालं त्यात या गोळीचाही वाटा होता, हे मला फार उशिरा कळलं. डॉक्टरांनी विचारलं होतं, ‘दुसरं काही औषध घेता का?’ आम्ही दोघांनीही नाही म्हणून सांगितलं. आणि ते आमच्या मते खरंच होतं. ज्येष्ठमध हे आमच्या लेखी औषधच नव्हतं. हळदीला, आल्याला कोण औषध म्हणून सांगतं?

दोन वर्षांपूर्वी मार्गशीर्षात एका जत्रेत मी पुढे चादर टाकून बसले होते. पहाटेचे साडेचार झाले असतील. दशावतारात रंगमंचावर एक लाकडी बाकडं असतं, तेच सिंहासन, तोच रथ आणि तोच पर्वत. युद्ध संपवून राजा त्या बाकड्यावर बसला आणि पुढच्या संवादाला त्याने उभं राहायचं होतं. पखवाजवाल्याने उठान दिलं, हे उठले नाहीत. पुन्हा दिलं. यांनी दोन्ही हात बाकड्यावर टेकले, अंगाला जोर दिला, मुकुट पुढे झुकला, पण गुडघे सरळ होईनात. लोकांना वाटलं, राजा घायाळ झाल्याचा अभिनय चाललाय. कुणीतरी टाळ्या वाजवल्या. मी मात्र यांच्या डोळ्यांकडे पाहिलं. पडद्यामागे दोघांनी धरून नेलं तेव्हा मला म्हणाले, ‘गो, माका उठाक जमणा नाय. पाय माझे वाटणत नाय.’ बाकीचा खेळ बसूनच झाला. बोलणं शेवटपर्यंत खणखणीत होतं.

उजाडल्यावर गाडी करून पत्रादेवीचा नाका ओलांडला आणि गोव्यात नेलं. रक्तदाब १९०/११०. रक्तातलं पोटॅशियम २.३. ते ३.५ ते ५ असावं लागतं. हृदयाच्या आलेखातही फरक दिसत होता. पोटॅशियम इतकं उतरलं की स्नायू चालेनासे होतात, आणि हृदय हाही स्नायूच आहे. सलाईनमधून पोटॅशियम सुरू केलं. तिथल्या तरुण डॉक्टरीणबाईंनी मला समजावलं की रक्तदाब चढा आणि पोटॅशियम कमी, अशी जोडी दिसली की अल्डोस्टेरॉन नावाचं हार्मोन जास्त झालंय का ते आधी पाहतात. ॲड्रिनल ग्रंथीवर गाठ आली तर तसं होतं. रक्त पाठवलं. चार दिवस पोटॅशियम देऊनही आकडा म्हणावा तसा चढेना.

पाचव्या दिवशी अहवाल आला आणि तो उलटाच होता. अल्डोस्टेरॉन जवळजवळ नाहीच, २ नॅनोग्रॅमच्याही खाली. ज्याच्या अतिरेकाची सगळी लक्षणं अंगावर, ते हार्मोनच रक्तात नाही. बाई कागद हातात घेऊन बराच वेळ उभ्या राहिल्या. मग यांच्याकडे बघून त्यांनी विचारलं, ‘काका, तोंडात कितें आसा?’ कांडी होती. रुग्णालयातसुद्धा पाच दिवस चालूच होती. सिस्टरना ते दातवण वाटलं होतं.

आता जो भाग कापू नका म्हणाले तो.

अल्डोस्टेरॉन आणि कॉर्टिसॉल ही दोन हार्मोन्स किडनीच्या डोक्यावर टोपीसारख्या बसलेल्या ॲड्रिनल ग्रंथीत, कोलेस्टेरॉलपासूनच तयार होतात. सांगाडा एकच, तीन षटकोन आणि एक पंचकोन एकमेकांना चिकटलेले. कॉर्टिसॉलच्या रेणूत कार्बन २१, हायड्रोजन ३०, ऑक्सिजन ५. अल्डोस्टेरॉनमध्ये कार्बन २१, हायड्रोजन २८, ऑक्सिजन ५. दोन हायड्रोजनचा फरक. मी त्या रात्री रुग्णालयाच्या बिलाच्या पाठीवर दोन्ही आकृत्या काढून पाहिल्या. सतराव्या कार्बनवरचा हायड्रॉक्सिल गट, म्हणजे ऑक्सिजन-हायड्रोजनची जोडी, कॉर्टिसॉलला आहे, अल्डोस्टेरॉनला नाही. अठराव्या कार्बनवर अल्डोस्टेरॉनला अल्डिहाइड आहे, म्हणून तर नावात ‘अल्डो’. बाकी चेहरामोहरा तोच. कामं मात्र निराळी. कॉर्टिसॉल ताणाच्या वेळी साखर पुरवतं, दाह आवरतं. अल्डोस्टेरॉन मीठ राखतं.

ही हार्मोन्स ज्या प्रथिनात जाऊन बसतात त्याला रिसेप्टर म्हणतात. यांचे रिसेप्टर पेशीच्या आत असतात. हार्मोन बसलं की ती जोडी केंद्रकात जाते आणि ठरावीक जनुकं जागी करते. किडनीच्या नळीच्या शेवटच्या टप्प्यात अल्डोस्टेरॉनचा रिसेप्टर जागा झाला की सोडियम परत रक्तात ओढलं जातं, त्याच्यामागून पाणी येतं आणि पोटॅशियम लघवीत सोडलं जातं. हे काम बेताने झालं तर माणूस जगतो, अखंड चालू राहिलं तर सूज, रक्तदाब आणि लुळे पाय.

जसे हार्मोन्स एकमेकांसारखे तसेच त्यांचे रिसेप्टरही. १९८५ मध्ये कॉर्टिसॉलच्या रिसेप्टरचं आणि १९८७ मध्ये अल्डोस्टेरॉनच्या रिसेप्टरचं जनुक अमेरिकेतल्या सॉल्क इन्स्टिट्यूटमध्ये वेगळं काढलं गेलं. दोन्ही शेजारी ठेवल्यावर दिसलं की डीएनएला धरणारा त्यांचा भाग ९४ टक्के सारखा आहे आणि हार्मोन जिथे बसतं तो भाग ५७ टक्के. त्याहून मोठी गोष्ट अशी की अल्डोस्टेरॉनचा म्हणून जो रिसेप्टर, तो परीक्षानळीत कॉर्टिसॉललाही तितक्याच घट्ट धरतो. त्याला दोघांतला फरक कळतच नाही.

यांचे दोन्ही अहवाल माझ्यासमोर होते. कॉर्टिसॉल १४, एकक मायक्रोग्रॅम. अल्डोस्टेरॉनचं एकक नॅनोग्रॅम. एका मायक्रोग्रॅमचे हजार नॅनोग्रॅम होतात. निरोगी माणसाचं अल्डोस्टेरॉन १० नॅनोग्रॅम धरलं तर त्याच रक्तात कॉर्टिसॉल १४,००० नॅनोग्रॅम. एका जागेसाठी एक माणूस रांगेत आहे आणि त्याच्यासारखेच दिसणारे चौदाशे जण त्याच्यापुढे उभे आहेत. मग त्याचा नंबर लागतो तरी कसा? आपल्या सगळ्यांचा रक्तदाब जन्मापासून आभाळाला का भिडत नाही?

आमच्याकडे वाडीवाडीला राखणदार असतो. पाणंदीच्या वळणावर, शेताच्या बांधावर त्याची जागा असते. वर्षातून एकदा गाऱ्हाणं घालून त्याला नारळ देतात. किडनीच्या त्या पेशीतही असाच एक राखणदार बसलेला आहे. तो एक एन्झाइम आहे, म्हणजे रासायनिक क्रिया घडवून आणणारं प्रथिन. त्याचं नाव लांबलचक आहे, अकरा-बीटा-हायड्रॉक्सिस्टेरॉइड डिहायड्रोजिनेज, प्रकार दोन. रिसेप्टरच्या दारात येणाऱ्या कॉर्टिसॉलला तो अडवतो आणि त्याच्या अकराव्या कार्बनवरचे दोन हायड्रोजन काढून घेतो. कॉर्टिसॉलचं कॉर्टिसोन होतं. कॉर्टिसोन त्या जागेत बसत नाही.

इथे मला शिक्षिका म्हणून थांबावंसं वाटतं. दोन हायड्रोजन गेल्यावर उरलं काय? कार्बन २१, हायड्रोजन २८, ऑक्सिजन ५. हे तर अल्डोस्टेरॉनचंच सूत्र! कॉर्टिसोन आणि अल्डोस्टेरॉन यांची अणूंची मोजदाद अगदी एक आहे, मांडणी तेवढी वेगळी, आणि तरी एक बसतं, दुसरं बसत नाही. आयसोमर शिकवताना मी वर्षानुवर्षं ब्युटेन आणि आयसोब्युटेनची उदाहरणं फळ्यावर काढली. हे उदाहरण माहीत असतं तर मागच्या बाकावरचं पोरही सरसावून बसलं असतं.

मग राखणदार अल्डोस्टेरॉनला का अडवत नाही? अकराव्या कार्बनवर त्यालाही तोच हायड्रॉक्सिल गट आहे. पण शेजारच्या अठराव्या कार्बनवरचं अल्डिहाइड वळून त्या गटाला मिठी मारतं, दोघांची मिळून एक कडी तयार होते, आणि एन्झाइमला धरायला मोकळं टोकच सापडत नाही. ज्या एका बारीक फरकामुळे नाव वेगळं पडलं, त्याच फरकाने अल्डोस्टेरॉनला वाट मोकळी राहते.

ज्येष्ठमधाची गोडी ग्लिसिरायझिनमुळे. हा पदार्थ साखरेच्या कितीतरी पट गोड. आतड्यातले जिवाणू त्याचं ग्लिसिरेटिनिक आम्ल करतात, ते रक्तात शिरतं आणि नेमकं या राखणदारालाच निकामी करतं. त्या आम्लाचा सांगाडाही कड्यांचाच, स्टेरॉइडच्या जातकुळीला जवळचा. राखणदार झोपला की कॉर्टिसॉल बेधडक आत शिरतं. किडनी मीठ ओढत राहते, पोटॅशियम टाकत राहते, आणि शरीराला वाटतं की अल्डोस्टेरॉन भरपूर आहे, म्हणून ते अल्डोस्टेरॉन करायचंच थांबवतं. यांचा कॉर्टिसॉलचा आकडा ठीक आणि अल्डोस्टेरॉन शून्याला टेकलेलं, त्याचा अर्थ हा.

हे मी माझ्या कल्पनेतून सांगत नाही. १९४० च्या दशकात हॉलंडमधले डॉक्टर रेव्हर्स पोटातल्या व्रणावर ज्येष्ठमधाचा अर्क देत होते. व्रणाला गुण येई, पण काही रुग्णांचे चेहरे आणि पाय सुजत, डोकी दुखत. त्यांनी ते लपवलं नाही, छापलं. पुढे दिसून आलं की ज्यांच्या ॲड्रिनल ग्रंथी पार निकामी आहेत त्यांच्यावर ज्येष्ठमधाचा हा परिणाम होत नाही, कॉर्टिसोन दिलं की होतो. म्हणजे ज्येष्ठमध स्वतः काही करत नाही, शरीरातल्याच कुणाला तरी मोकळं सोडतो. काही बाळांना जन्मतःच असा आजार असतो, अल्डोस्टेरॉन नाही आणि तरी रक्तदाब चढा. ही सगळी टोकं १९८७-८८ च्या सुमारास एडिनबरा आणि मेलबर्न इथल्या संशोधकांनी जुळवली, आणि १९९५ मध्ये त्या बाळांच्या एन्झाइमच्या जनुकातले दोषही सापडले. त्या बाळांना जे जन्मतः होतं ते माझ्या यजमानांनी चमच्याचमच्याने ओढवून घेतलं, माझ्या हातून.

मी मासळीबाजारात उभी असते तेव्हा आता मला आणखी एक आठवतं. बांगड्याच्या अंगात अल्डोस्टेरॉन नसतंच. हाडांचा सांगाडा असलेल्या अशा माशांमध्ये कॉर्टिसॉलच दोन्ही कामं करतं, खाऱ्या पाण्यात मीठ आवरण्याचं कामही त्याचंच. तरीसुद्धा आपल्या अल्डोस्टेरॉन-रिसेप्टरचं भावंड त्यांच्यात आहे. मोरीमध्येही, म्हणजे शार्कमध्येही, दोन्ही रिसेप्टर आहेत. लँप्रे नावाच्या जबडा नसलेल्या जुन्या घराण्यातल्या माशात मात्र दोहोंच्या जागी एकच. २००६ मध्ये अमेरिकेतले शास्त्रज्ञ जो थॉर्नटन यांच्या गटाने या सगळ्यांचा ४५ कोटी वर्षांहून जुना सामाईक पूर्वज-रिसेप्टर प्रयोगशाळेत पुन्हा घडवला आणि पाहिलं, तर तो अल्डोस्टेरॉनला साद देत होता, जेव्हा जगात अल्डोस्टेरॉन जन्मालाही आलं नव्हतं. एका घराचे वाटे झाले, भाऊ वेगळे राहिले, तरी जुनी किल्ली दोन्ही दारांना लागते. आपला रिसेप्टर कॉर्टिसॉलला परका मानत नाही याचं मूळ इतकं मागे आहे.

किती ज्येष्ठमध जास्त, हे मला बरेच जण विचारतात. युरोपीय महासंघाच्या वैज्ञानिक समितीने २००३ मध्ये ग्लिसिरायझिनची दिवसाची मर्यादा १०० मिलिग्रॅम सांगितली. मुळीमुळीत त्याचं प्रमाण पुष्कळ बदलतं. चार टक्के धरलं तर पाच ग्रॅमच्या एका चमच्यात २०० मिलिग्रॅम झालं. हे दिवसाला तसे तीन चमचे घेत होते, वर कांडी. महासंघाने २००४ मध्ये ज्येष्ठमधाच्या मिठाईच्या वेष्टनांवर, ठरावीक प्रमाणाच्या वर ग्लिसिरायझिन असेल तर, रक्तदाबाच्या रुग्णांनी अतिसेवन टाळावं, असं छापायला लावलं. अमेरिकेत मॅसॅच्युसेट्समध्ये ५४ वर्षांचा एक माणूस रोज ज्येष्ठमधाच्या मिठाईची पाकिटं खात होता. पोटॅशियम उतरून त्याचं हृदय थांबलं आणि तो गेला. ही हकिकत २०२० मध्ये तिथल्या वैद्यकीय नियतकालिकात आली आहे. आमच्या घरातल्या डब्यावर फक्त ‘स्वर सुधारतो’ एवढंच होतं.

गरोदर बायकांसाठी हे जास्त कळकळीने लिहिते. राखणदार फक्त किडनीत नसतो. गर्भाच्या वारेतही (प्लॅसेंटात) असतो, आईचं कॉर्टिसॉल बाळापर्यंत जसंच्या तसं पोचू नये म्हणून. फिनलंडमध्ये ज्येष्ठमधाची मिठाई फार खातात, आणि तिथल्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेने २०१६ मध्ये गरोदरपणात ती टाळावी असा सल्ला दिला. आपल्याकडे खोकला झाला की गरोदर सुनेला सासू मायेने ज्येष्ठमधाचा काढा देते. एखाद्या दिवसाच्या काढ्याने कुणी घाबरून जाऊ नये. महिनोन्‌महिने रोज देणं वेगळं.

मी आयुर्वेदाच्या विरुद्ध लिहिते आहे असं कृपया कुणी समजू नये. चरकसंहितेत ज्येष्ठमधाचं चूर्ण दुधातून घेण्याचं रसायन सांगितलेलं आहे, आणि घशाला त्याने आराम पडतो हे मी चाळीस वर्षं पाहिलं आहे. घरी आल्यावर मी आमच्या वाडीतल्या वयस्क वैद्यांकडे गेले. त्यांनी डबा पाहिला, वास घेतला, चूर्ण अस्सल असल्याचं सांगितलं. मग मला विचारलं, ‘बाई, ह्यां कोणी दिलेलां? किती दिस म्हणान सांगितलेलां?’ मला उत्तर देता आलं नाही. कुणीच दिलं नव्हतं आणि किती दिवस हे कुणीच सांगितलं नव्हतं. वैद्य मात्रा आणि मुदत सांगतो. दुकानातला डबा सांगत नाही, आणि आपल्या पुरवणीतल्या लेखानेही सांगितली नाही.

ज्येष्ठमध बंद केल्यावर तीन आठवड्यांत यांचं पोटॅशियम जागेवर आलं. त्या काळात रिसेप्टरची जागा अडवून धरणारी एक गोळी होती. तिचा सांगाडाही त्याच चार कड्यांचा, त्यामुळे ती पुरुषी हार्मोनच्या रिसेप्टरवरही जाऊन बसते आणि जास्त दिवस घेतली तर पुरुषांची छाती दुखते, वाढते. म्हणून बाईंनी ती लवकर थांबवली. रक्तदाब उतरायला अडीच महिने लागले. आता एक साधी गोळी पुरते. गेल्या कार्तिकात हे पुन्हा उभे राहिले, तोंडात खडीसाखर आणि लवंग.

मंडळातल्या बाकीच्यांचे रक्तदाब आम्ही रंगपटातच मोजले. रोज ज्येष्ठमध घेणारे आणखी दोघे निघाले आणि दोघांचेही चढे होते. एकाच्या पायात गोळे यायचे. तो सांगायचा, रात्रभर उभं राहून येतात. म्हणून तपासणाऱ्या डॉक्टरांना, आशाताईंना, शिबिरं भरवणाऱ्यांना माझी विनंती आहे की ‘औषध घेता का’ एवढ्यावर थांबू नका. ‘काढा, चूर्ण, कांडी, चघळायची गोळी असं काही रोज असतं का’ असं विचारा. आमच्यासारखी माणसं पहिल्या प्रश्नाला नाही म्हणतील आणि दुसऱ्याला हो.

आणि आपल्याला विनंती अशी की पुढील मजकूर छापावा: ‘ज्येष्ठमध रोज, आठवडेच्या आठवडे घेऊ नये. रक्तदाब, हृदयाचा किंवा किडनीचा आजार असलेल्यांनी, लघवीच्या गोळ्या चालू असलेल्यांनी आणि गरोदर बायकांनी वैद्यांना वा डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नये. घेत असताना सूज, डोकेदुखी, पाय जड होणं, छातीत धडधड असं काही जाणवलं तर थांबवून लगेच डॉक्टरांना दाखवावं, रक्तदाब आणि पोटॅशियम तपासावं.’

हे वाचकांच्या पत्रांत न टाकता आरोग्य पुरवणीत, लेख आला त्याच पानावर, तेवढ्याच मोठ्या अक्षरात यावं. तो लेख कापून स्वयंपाकघराच्या भिंतीला चिकटवलेली दोन घरं आमच्याच वाडीत आहेत. हेही कापून मी स्वतः जाऊन त्याच्या शेजारी चिकटवीन.

आपली नियमित वाचक,
एक निवृत्त रसायनशास्त्र शिक्षिका
ता. वेंगुर्ले, जि. सिंधुदुर्ग